मागायचं कुणी

बैठक चारला ठरली होती आणि पावणेचारलाच सगळी मंडळी हजर झाली, तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. या घरात वेळेआधी कुणी येतं ते फक्त तक्रार घेऊन. मधली तर दोन तासांचा प्रवास करून परगावाहून आली होती आणि तिनं अजून खांद्यावरची पर्स उतरवली नव्हती.

बसायला नेहमीचीच जागा, खालच्या मजल्यावरची लांब खोली. एका भिंतीला आजाऱ्यांच्या लोखंडी खाटा उभ्या टेकवलेल्या, दुसरीला चाकाच्या खुर्च्यांची रांग, वर खिळ्यांना वॉकर आणि कुबड्या. सगळीकडे ग्रीसचा आणि जंतुनाशकाचा मिळून एक वास. साध्या खुर्च्या या खोलीत कधी टिकल्याच नाहीत, त्यामुळे घरच्यांची बैठकसुद्धा आजाऱ्यांच्या सामानावरच व्हायची. आईला चालताना काठीही लागत नव्हती, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती हटकून चाकाच्या खुर्चीत बसायची, कारण तिच्या मते घरातली तेवढी एकच खुर्ची धड होती. मधली खाली मांडलेल्या, डोक्याकडून उचललेल्या एका खाटेच्या कडेला टेकली. धाकट्या भावाला अख्खा गाव मिस्त्री म्हणे आणि आता घरचेही म्हणत. तो हत्यारांच्या पेटीवर बसून एका खाटेचं डोकं वर-खाली करायचं वाकलेलं हँडल मांडीवर घेऊन सरळ करत होता. दर महिन्याला दोन-तीन हँडलं वाकून येतात. नातेवाईक घाबरलेले असतात, उलटीकडे फिरवत बसतात.

मिस्त्रीची मुलगी तेवढी उभी होती. सव्वीस वर्षांची, जाहिरातीच्या कंपनीत कामाला, आणि बोलायला लागल्यापासून घरात नाव टकळी.

"एकोणचाळीस पुस्तकं पाठवली, एकतीस परत आली," ती म्हणाली. "आणि कोरी नाही हं, भरून! मी दहाची आशा धरली होती. आत्या, सांग ना सगळ्यांना. तूच उघडलीस ती."

थोरलीनं मान हलवली. तिला बोलायची मनाई होती, आणि आज त्या मनाईचा तिला मोठा आधार वाटत होता.

चौतीस वर्षं या संस्थेसाठी मागण्याचं काम तिनं एकटीनं केलं होतं. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, दोन खाटांवर सुरू केलेला हा पसारा. कुणाच्या घरी आजारपण आलं की खाट न्यायची, गरज सरली की आणून द्यायची, भाडं नाही. पण चाकं झिजतात, गाद्या फाटतात, खोलीचं वीजबिल येतं. त्यासाठी रोज सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात थोरली कोपऱ्यातल्या टेबलावरचा फोन कानाला लावून बसायची. दोन महिन्यांपूर्वी घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, साध्याच आहेत, पण असंच बोलत राहिलात तर आवाज कायमचा जाईल. त्यावर घरात मोठी चर्चा झाली. म्हणजे घशाची झाली. मिस्त्री म्हणाला वंगण कमी पडलंय, मधलीनं गुळण्या सांगितल्या, आणि टकळीनं योजना आणली.

योजना वाईट नव्हती. आत्यानं एकटीनं किती जणांना विचारायचं? जे इतकी वर्षं देतायत, त्यांनीच आता मागावं. प्रत्येकाला पाच कोऱ्या पानांचं छोटंसं पुस्तक पाठवायचं. आपल्या ओळखीच्या पाच जणांना संस्थेबद्दल सांगायचं, मदत मागायची, पानावर नाव लिहायचं, पुस्तक परत पाठवायचं. पत्राचा मजकूर टकळीनं लिहिला होता आणि तो वाचून खुद्द आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अडचण एकच होती, आणि ती फक्त थोरलीला ठाऊक होती. देणाऱ्याचं नाव दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, हा अप्पांचा नियम. घरातसुद्धा नाही. नावं मागणाऱ्याच्या वहीत राहतील, बस्स. म्हणून पत्ते थोरलीनंच लिहिले आणि परत आलेली पाकिटं थोरलीनंच उघडली. पहिलं पुस्तक चष्म्याच्या दुकानवाल्या आजोबांचं. त्यांनी गाण्याच्या बाईंचं नाव लिहिलं होतं, खाली शेरा, "फार भल्या बाई. लगेच हो म्हणाल्या." थोरलीला हसू आलं. गाण्याच्या बाई तिच्या वहीत अठरा वर्षांपासून होत्या. मग बाईंचं पुस्तक आलं. त्यांनी निवृत्त कंडक्टरना गाठलं होतं. "इतक्या साध्या माणसाचं केवढं मन!" कंडक्टरही वहीतलेच. आणि कंडक्टरच्या पुस्तकात पहिल्या पानावर चष्मेवाले आजोबा. तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

एकतीस पुस्तकं तिनं वहीशी लावून पाहिली. ही सगळी माणसं एकाच गावची, एकाच दवाखान्याच्या बाकावर कधी ना कधी बसलेली, एकमेकांना ओळखणारी. फक्त आपल्यासारखाच तोही देतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं थोरलीनं त्यांना बजावलं होतं की नाव बाहेर जाणार नाही, आणि त्यांनीही ते असं काही पाळलं की कुणी दारात येऊन मागितलं, तर "मी आधीच देतो हो" एवढंही कुणाच्या तोंडून निघालं नाही. मुकाट्यानं नेहमीच्यातलंच थोडं पुन्हा दिलं. दीडशे पानांत खरोखर नवी माणसं होती चार. त्यातलाही एक घरचाच निघाला.

हे कळून आज नऊ दिवस झाले होते. थोरली गप्प होती.

"भरून आली ते ठीक आहे," मधली म्हणाली. ती बँकेत अधिकारी होती आणि भावाबहिणींशीही काउंटरच्या पलीकडून बोलत असे. "पण भर काय पडली? मला तर महिन्याचा आकडा फार हललेला दिसत नाही."

"अगं मधली आत्या, पहिलाच महिना आहे! लोक आधी थोडंच देतात. विश्वास बसला की—"

"मला पंधरा दिवसांपूर्वी सलूनवाल्यानं धरलं," मिस्त्री हँडलावरून नजर न उचलता म्हणाला.

थोरलीनं मान खाली घातली.

"धरलं म्हणजे?" आईनं विचारलं.

"दाढीला गेलो होतो. तोंडाला फेस, गळ्यावर वस्तरा, आणि हा म्हणतो, एका चांगल्या कामाला मदत कराल का? मी म्हटलं, कुठल्या? तर म्हणे, आजाऱ्यांना खाटा देतात ती संस्था. मी म्हटलं, अरे बाबा, ती आमचीच! तर म्हणतो, माहितीये ना. म्हणूनच तुमचं नाव घातलं. रोज चाकं फिरवता, पण स्वतः कधी काही देता का?"

"मग?" टकळीनं विचारलं.

"मग काय, दिले. वस्तरा गळ्यावर होता."

मधली खो खो हसली. कित्येक महिन्यांत ती या खोलीत हसली नव्हती. आई मात्र खुर्चीत ताठ झाली. "म्हणजे सलूनवाला देतो? त्यानं स्वतः सांगितलं तुला?"

"सांगितलं म्हणजे काय, कळलंच की. पुस्तक होतं त्याच्या हातात."

"अप्पा असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं," आई म्हणाली.

मधलीचं हसणं थांबलं होतं. ती आता थोरलीकडे बघत होती, आकड्यांत चूक दिसल्यावर बघावं तशी. "ताई, मिस्त्रीचं नाव पुस्तकात आलं होतं?"

थोरलीनं मान हलवली.

"म्हणजे तुला माहीत होतं. आणि असे आणखी किती? जे आपलेच आहेत, जुनेच?"

खोटं बोलायला फार आवाज लागत नाही. नुसतं "थोडे" म्हटलं असतं तरी वेळ निभली असती. दोन-चार महिने असेच गेले असते, माणसं एकमेकांना मागत राहिली असती, देत राहिली असती आणि एक दिवस कंटाळून दोन्ही बंद केली असती. पण तोवर तिला सकाळी दहाला त्या टेबलाशी बसावं लागलं नसतं. एवढंच तिला हवं होतं. तिची नजर टकळीकडे गेली. पोरीचा चेहरा अजून आशेनं फुललेला होता, आणि तिला फसवणं थोरलीला जमेना.

"सगळेच," ती कुजबुजली. "चार सोडून सगळे जुनेच. एकमेकांकडे मागतायत. लाजेकाजेस्तव पुन्हा देतायत."

मिस्त्रीच्या हातातलं हँडल पेटीवर आपटलं.

"कधी कळलं तुला?" टकळीनं विचारलं.

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस! आणि मी रोज येऊन तुला विचारतेय, आज किती आली, आज किती आली... आणि तू मान हलवतेस!" टकळीचा आवाज चिरकला. "मला सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं ना!"

"झालं ते झालं," मधलीनं पर्स सावरली. तिला बहुधा हेच हवं होतं, फक्त इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. "माझं म्हणणं मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. लोकांना द्यायला जमतं, मागायला जमत नाही. ते अंगातच असावं लागतं, आणि ते ताईच्या अंगात आहे. फार बोलू नकोस, ताई. दिवसाला तासभर. सावकाश. फोनला तो आवाज मोठा करणारा काहीतरी मिळतो, तो लावून घेऊ."

"तासभर चालेल," मिस्त्री म्हणाला. "मध्ये मध्ये गरम पाणी."

"तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही," आई म्हणाली आणि तिनं मोठ्या कौतुकानं थोरलीकडे पाहिलं. हे कौतुक थोरली चौतीस वर्षं ऐकत आली होती. त्या कौतुकानंच तिला त्या टेबलाशी जखडून ठेवलं होतं.

टकळी एकटी पडली. सकाळपर्यंत बाप तिच्या बाजूनं होता, आजी अर्धी-मुर्धी होती. आता सगळे एका बाजूला झाले होते आणि त्यांच्या मते प्रश्न सुटला होता. मधली घड्याळ बघू लागली.

"मी का नाही सांगितलं, ते कुणी विचारलं नाही," थोरली म्हणाली.

सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. तिचा आवाज आता कागद फाटल्यासारखा येत होता.

"सांगितलं असतं तर हेच झालं असतं. तुम्ही फोन परत माझ्या हातात दिला असता. पाच मिनिटंही लागली नाहीत बघा."

"अगं, पण मग दुसरं कोण आहे?" आई म्हणाली.

थोरलीनं एकेकाकडे पाहिलं. एकोणचाळीस परक्या माणसांना या घरानं पत्र धाडलं होतं, जा आणि मागा. त्यांत ऐंशी वर्षांचे आजोबा होते, गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून मागणारा सलूनवाला होता. कसं का होईना, ती माणसं बिचारी गेली होती. आणि इथं बसलेल्या चौघांपैकी एकानंही आजवर एकाही माणसाकडे काही मागितलं नव्हतं. मिस्त्री दुरुस्त करायचा, मधली हिशेब तपासायची, आई अध्यक्ष होती, आणि टकळीनं पत्र लिहिलं होतं. सुंदर पत्र, पण पत्रच. सगळे उंटावरून शेळ्या हाकत होते.

"पुढचे फोन तुम्ही करा," थोरली म्हणाली.

आणि गप्प बसली.

मागण्याचं तिचं सगळं कसब एवढंच होतं. कुणाला शिकवलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मागणं एका वाक्यात मांडायचं आणि मग तोंड उघडायचं नाही. नवशिके तिथेच घसरतात. शांतता सोसवत नाही, म्हणून आपणच म्हणतात, "नाही जमलं तरी हरकत नाही हं," आणि समोरचा सुटतो. थोरलीनं फोनवर एकेकदा पूर्ण मिनिट काढलं होतं, पलीकडच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकत. आज तर तिला बोलायचीच मनाई होती.

मधलीनं पर्सची साखळी उघडली आणि लावली. मिस्त्रीनं हँडल पुन्हा उचललं, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं. ते कधीच सरळ झालं होतं. टकळीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मिटून घेतलं.

"मला नाही ग जमणार," शेवटी मिस्त्रीच म्हणाला. "मी काय बोलू? मला चाकातलं कळतं."

थोरली गप्प.

"आणि लोक म्हणतील, एवढा धडधाकट माणूस, मागतो कसला."

थोरली गप्पच.

"मला काय म्हणायचंय..." मिस्त्रीचा चेहरा लाल झाला होता. "लाज वाटते मला. बस्स. सांगितलं."

"तिला वाटत नसेल?" टकळी हळूच म्हणाली. मग जरा थांबून, "मलाही वाटते, बाबा. म्हणून तर मी पत्र लिहिलं. माझ्या ऑफिसात साठ माणसं आहेत. मी एकालाही विचारलं नाही."

मधलीनं पर्स काढून खाटेवर ठेवली. "पण विचारायचं काय, ते तरी ठरवा," ती म्हणाली. आवाजातलं काउंटर जरा खाली आलं होतं. "पुन्हा तेच झालं तर? कोण देतो ते एकमेकांना ठाऊकच नाही. हा नियम आहे तोवर ही माणसं गोल गोलच फिरणार."

आता सगळे आईकडे बघू लागले.

आई खुर्चीच्या चाकाची कड चाचपत राहिली. "तो नियम का केला, ते तुम्हाला सांगितलंय का मी?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी अप्पांनी सभा घेतली होती. कुणी किती दिलं ते वाचून दाखवलं. मोठ्यापासून लहानापर्यंत. शेवटचं नाव एका हमालाचं होतं. लोक हसले नाहीत, पण तो खाली मान घालून बसला. पुढं त्याची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा इथं खाट रिकामी पडून होती आणि तो न्यायला आला नाही. जमिनीवरच गेली ती. त्यानंतर अप्पांनी आयुष्यात कुणाचं नाव वाचलं नाही."

ही हकीगत थोरलीलाही नवीन होती. चौतीस वर्षं तिनं हा नियम पाळला, आणि तो कशासाठी होता ते आज कळत होतं.

"नाव आपण सांगायचं नाही, हे खरंच आहे," आई म्हणाली. "पण ज्याचं त्यानं सांगितलं तर त्यात आपला काय संबंध? सलूनवाल्यानं सांगितलंच ना. त्यांना म्हणावं, हवं तर बोला. मी देतो, तूही दे, असं सरळ म्हणा. आणि नको असेल तर गप्प राहा." मग तिनं मोठा श्वास घेतला. "हे सगळ्यांना फोन करून सांगावं लागेल. पत्रानं व्हायचं नाही."

एकोणचाळीस फोन. थोरलीचा हात सवयीनं गळ्याशी गेला. तिनं तो खाली आणला आणि मांडीवर दाबून धरला. तिनं उठून कपाटातली वही काढली. अप्पा गेल्यानंतर त्या वहीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आता मागणारा तो, म्हणून ती तिनं मिस्त्रीच्या मांडीवर, त्या हँडलावरच ठेवली. मिस्त्रीनं आधी हात पँटला पुसले, मग वही उघडली.

"चष्मेवाले आजोबा देतात?" तो एकदम म्हणाला. "माझ्या शाळेतल्या चष्म्याचे त्यांनी पैसेच घेतले नव्हते." त्यानं त्या पानावर बोट ठेवलं. "यांच्यापासून करू?"

तो टेबलाशी जाऊन बसला. तिथलं स्टूल थोरलीच्या अंगवळणी पडलेलं, त्याला त्यावर नीट बसता येईना. टकळी त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि मधली चक्क उठून जवळ आली, मदतीला की मजा बघायला ते तिचं तिलाच ठाऊक. त्यानं आकडे दाबले, एक चुकला, पुन्हा पहिल्यापासून दाबले. थोरली मधलीच्या रिकाम्या जागी, खाटेवर बसली. उचललेल्या टेकणीला पाठ लावल्यावर तिला कळलं की आपण मागे शेवटचं कधी टेकलो होतो ते आठवत नाही.

"नमस्कार," मिस्त्री फारच मोठ्यानं म्हणाला. "मी... खाटांच्या संस्थेतून बोलतोय. नाही, ताई नाही. मी तिचा भाऊ. हो, मिस्त्री. ते पुस्तक मिळालं तुमचं, फार... फार छान भरलंय. त्याच्याबद्दलच एक मागायचं होतं..."

तो अडखळला. पलीकडून म्हातारा आवाज काहीतरी विचारत होता, शब्द कळत नव्हते, पण सावकाश, चौकशीचा सूर कळत होता. मिस्त्री "हो, हो" करत राहिला, मग थांबला आणि त्यानं फोन छातीशी धरला.

"ते विचारतायत," तो थोरलीला म्हणाला, "ताई कशा आहेत?"

चौतीस वर्षं या प्रश्नाला तिचं एकच उत्तर तयार असे. मी मजेत, तुमचं सांगा. ते आताही ओठांपर्यंत आलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आईसुद्धा.

"दमलेय म्हणून सांग," थोरली म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं फोन हळूच कानाला लावला.

"दमलीय म्हणते," तो म्हणाला. पलीकडचं सगळं त्यानं ऐकून घेतलं, आणि मग पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"नाही हो. आम्हालाही आत्ताच कळलं."